निळी खाच

१

पाउलिआसीला तोंड मिटून खाता येत नाही, हे कालोलाइनेला तो दुधाच्या दातांचा होता तेव्हापासून ठाऊक होतं. पण ऑकलंडला सात वर्षं काढून आल्यापासून त्याला तोंड मिटून बसताही येईनासं झालं होतं. थोरामोठ्यांसमोर मांडी घालायची सोडून हा पाय पसरायचा आणि तळवे दाखवायचा. गालात कायम चघळायचा गोंद. प्रार्थना चालू असली तरी दाढेखाली तो चटक चटक वाजायचा. आणि मधूनमधून एकच पालुपद, "तुमच्या बेटावर सगळंच रांगतं. बोट रांगते, दुकानदार रांगतो, इंटरनेट तर अजून पाळण्यातच आहे."

तुमच्या बेटावर, म्हणे. मेल्याची नाळ याच वावाऊ बेटाच्या मातीत पुरलेली, कालोलाइनेने स्वतःच्या हाताने खड्डा बुजवला होता. सख्ख्या भावाचा, सातेकीचा हा मुलगा. म्हणजे ती त्याची आत्या, आणि त्या बेटांवर आत्या ही बापापेक्षा वरची. तिने मागितलं तर भाच्याने अंगावरचा सदरा काढून द्यायचा. तिच्या चटईवर, तिच्या उशीवर कुणी हात ठेवायचा नाही. एवढा मान पदरात असून तिला या पोराच्या गोंदाची चटचट ऐकत बसावं लागायचं.

पण त्या शनिवारी तिच्या वाट्याला जे आलं, त्यापुढे गोंद काहीच नव्हता.

शेजारच्या माताऊता गावाची जेवणावळ होती. कालोलाइनेच्या लोतोफाले गावची सगळी माणसं पाहुणी म्हणून गेली होती. पुढ्यात भाजलेलं डुक्कर, सुरण, नारळाच्या दुधातली मासळी. कालोलाइनेच्या तोंडात डुकराच्या पाठीचा चरबीचा तुकडा होता, तेवढ्यात माताऊताची माणसं ओळीने नाचाला उभी राहिली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, उभ्याने करायचा लाकालाका. ढोल सुरू झाला, हात वर गेले, आणि तिचा घास तोंडातच थांबला.

तो सातेकीचा नाच होता. मनगट वळवून जाळं ओढायचं, मान डावीकडे कलती ठेवायची, आणि तिसऱ्या कडव्यात शंभर हातांनी एकदम पाणी उडवायचं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्या भावाने बांधलेला शेवटचा नाच, देवळाच्या शंभरीसाठी. तो दिवस अजून दोन आठवडे लांब होता. शब्द तेवढे बदलले होते, आणि शब्द बदलणं म्हणजे चोरलेल्या कोंबडीची पिसं उपटणं.

तोंडातली चरबी साबणासारखी झाली. पाहुण्याने थुंकायचं नसतं. तिने ती गिळली.

चोरी कशी झाली हेही तिथेच कळलं. दुसऱ्या कडव्यात माताऊताच्या दुसऱ्या रांगेतल्या बारा पुरुषांनी एकाच वेळी स्वतःच्या मानेवर चापट मारली. चट्. पाहुण्यांत बसलेला देवळाचा कारभारी होलानी पांढराफटक पडला. कारण लोतोफालेच्या तालमीत ती चापट त्याने मारली होती, डासाला. त्या डासाला नाचात जागा नव्हती. ती चापट फक्त तालमीच्या चित्रीकरणात होती.

म्हणजे कुणी पाहून सांगितलं नव्हतं. कुणीतरी चित्रीकरणच नेऊन दिलं होतं.

आणि ते चित्रीकरण, साबणाच्या वडीएवढ्या काळ्या डिस्कमध्ये, रोज कालोलाइनेच्या उशीखाली झोपत होतं.

२

सोमवारी देवळाशेजारच्या हॉलमध्ये गाव जमलं. सातेकी एका टोकाला भिंतीकडे तोंड करून बसला होता. शनिवारपासून त्याने सुरणाचा तुकडाही तोंडात घातला नव्हता. मोठ्या बहीण-भावांनी शेजारी बसायची तिथे रीत नाही, म्हणून कालोलाइने दुसऱ्या टोकाला. तिथून तिला भावाची फक्त पाठ दिसत होती, आणि पाठीचे मणके मोजता येत होते.

"आता आपण तोच नाच केला," होलानी म्हणाला, "तर लोक म्हणतील, लोतोफालेवाले माताऊताचं उष्टं चाटतात."

"डास मारायला तुला बुधवारच सापडला का रे?" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

आतापर्यंतच्या तिन्ही तालमींना दार लावलेलं, सगळ्यांचे फोन दारातल्या टोपलीत. दोन कॅमेरे तेवढे चालू, आणि ते चित्रीकरण थेट डिस्कमध्ये. तिसरं कडवं शिकवलं ते तिसऱ्या तालमीत, गेल्याच्या गेल्या बुधवारी, आणि माताऊताने ते नाचून दाखवलं. म्हणजे नक्कल त्या बुधवारनंतरची. आणि बुधवारनंतर डिस्क उशीखालून दोनदाच बाहेर पडली होती. गुरुवारी दोन तास होलानीकडे, गाण्याचे शब्द उतरवून घ्यायला. शुक्रवारी अर्धा तास लोसालिनेकडे, बायकांच्या रांगा तपासायला, दुपारच्या प्रार्थनेच्या पहिल्या घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंत.

लोसालिने कालोलाइनेच्या धाकट्या, वारलेल्या भावाची मुलगी. बायकांच्या रांगेत मधोमध उभी राहणारी. ती मधली जागा मिळवायला पोरी वर्षानुवर्षं मनगटं झिजवतात. तिची आई मात्र माताऊताची.

पाउलिआसी उठला. गोंद एका गालातून दुसऱ्या गालात गेला.

"होलानीकाकांचा कॉम्प्युटर माझ्या जन्माच्या वेळचा असेल, तो सोडा. राहिली ती. मला बहिणीबद्दल बोलायला लाज वाटते, पण गावाचं नाक गेलंय. कुणी म्हणेल, अर्ध्या तासात एवढं सगळं कसं उतरवणार? दाखवतो. आत्या, डिस्क द्याल का जरा?"

त्याने स्वतःचा चकचकीत कॉम्प्युटर चटईवर ठेवला, डिस्क जोडली. सगळे वाकून बघू लागले. पडद्यावर हिरवी पट्टी सरसर भरत गेली. होलानीच्या मनगटावरच्या घड्याळात सहा मिनिटंही पुरी झाली नव्हती, तेव्हा पाउलिआसीने दोन बोटांनी डिस्क उपसली, केलेली नक्कल सगळ्यांसमोर पुसून टाकली.

"ही यूएसबीची निळी खाच. आतली जीभ निळी असली की समजायचं, वेगवान. लोसालिनेच्या कॉम्प्युटरला डाव्या अंगाला अशीच निळी खाच आहे. मला सहा मिनिटं लागतात, तिला अर्धा तास होता. त्यात पाचदा उतरवून वर केस विंचरून झाले असते."

सगळ्यांनी लोसालिनेकडे पाहिलं. ती दाराशी मान खाली घालून बसली होती.

"बोल ना पोरी," होलानी म्हणाला.

तिने मान आणखी खाली घातली.

ठरलं ते असं. बुधवारच्या तालमीला तिने मधली जागा सोडायची, आणि त्याच दिवशी बोचकं बांधून मामाकडे, माताऊताला निघून जायचं. कायमचं. होलानीने कालोलाइनेकडे पाहिलं, कारण ती नको म्हणाली असती तर गाव तिथेच थांबलं असतं.

ती नको म्हणाली नाही. खरंच चोर असेल तर स्वतःच्या भाचीलाही पाठीशी घालायची तिची तयारी नव्हती. पण तिने मुलीच्या जबड्याकडे पाहिलं. चोर रडतो, नाहीतर भांडतो. ही पोरगी दातांवर दात दाबून बसली होती, तोंडातलं काहीतरी बाहेर पडू नये म्हणून.

"बुधवारपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही," कालोलाइने म्हणाली. "मला बघू दे."

"आत्या, तुम्ही काय बघणार?" पाउलिआसी गोड हसला. "हे मशीनचं काम आहे."

३

कालोलाइनेची शाळा तिसरीपर्यंत. पण तिसरीपर्यंत तिला कुणी फसवलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

मंगळवारी सकाळी ती बायकांच्या विणकामाच्या घरात गेली, रात्री गावच्या पोरी निजतात त्या. लोसालिनेचा कॉम्प्युटर तिथेच असायचा, चटयांच्या ढिगावर. मावशीने नेयाफू शहरातून पाठवलेला, जुना. तीन आठवड्यांपूर्वी आला तेव्हापासून त्या घराबाहेर एकदाच गेलेला, त्या शुक्रवारी, हॉलमध्ये.

"चोरी केलीस का, ते विचारायला नाही आले मी," ती म्हणाली. "ही खाच म्हणजे काय ते सांग. मला कळेल असं. नाहीतर मी तुझ्या कानाखाली देईन आणि मग तुलाच नीट सांगावं लागेल."

लोसालिनेच्या ओठाच्या कोपऱ्यात किंचित काही हललं.

"आत्या, यूएसबीच्या पिढ्या असतात. डिस्क तीच, केबल तीच, पण खाच कुठल्या पिढीची त्यावर वेग. पहिली पिढी फार म्हातारी. सेकंदाला एक एमबी, खाऊनपिऊन. दुसरी पिढी, आतून काळी असते ती. तिच्या खोक्यावर लिहितात चारशे ऐंशी. पण ते बिट झाले, आठाने भागले की साठ. त्यातलेही हातात पडतात तीस-पस्तीस."

"दुकानदाराचं माप," कालोलाइने म्हणाली. "पुढे."

"तिसरी पिढी निळी. तिला त्याच सेकंदात साडेतीनशे जातात. आणि कशाला काहीही जोडा, दोघांत जे हळू त्याच्याच चालीने काम होतं."

कालोलाइनेने डोळे मिटले. नारळाचं दूध गाळायचं, तर घमेलं केवढं आहे ते कोण बघतं? गाळणं केवढं ते बघायचं. दाट गाळण्यातून थेंब थेंब, सैल गाळण्यातून धार.

"आणि आपलं चित्रीकरण केवढं?"

"एकशे वीस जीबी. म्हणजे एक लाख वीस हजार एमबी."

"तुला निळी खाच आहे म्हणे."

"आहे. पण..." मुलगी थांबली. "तुम्हीच बघा, आत्या."

कालोलाइनेने कॉम्प्युटर उचलून उजेडात धरला. डाव्या अंगाला दोन खाचा शेजारी शेजारी. एक काळी, एक निळी. निळीत तिने केसातली पिन घालून ढवळलं, तर आतून आधी निघाला तांबडा चुरा, मग झुरळाचा एक पाय, मग आख्खं वाळलेलं झुरळ, पोटाला अंड्यांची डबी चिकटलेली. त्यामागे पितळेच्या बारीक पट्ट्या खाऱ्या हवेने हिरव्या पडून गळून गेलेल्या. वास असा, की तिने कॉम्प्युटर हातभर लांब धरला.

"शी. हे कधीपासून?"

"आला तेव्हापासूनच. मावशीच्या घरात स्वयंपाकाच्या फळीवर असायचा."

"हे गावासमोर का नाही सांगितलंस?"

मुलीने परत दातांवर दात दाबले.

कालोलाइनेने डिस्क काळ्या खाचेत घालायला लावली, भिंतीवरच्या घड्याळाखाली मांडी ठोकली आणि नक्कल उतरवायला सांगितलं. हिरवी पट्टी रांगू लागली. अर्धा तास झाला, पट्टी निम्म्यावर. तिने हलायचं नाकारलं. पट्टी पुरी झाली तेव्हा तास उलटून वर एक मिनिट गेलं होतं.

पोरीकडे अर्धाच तास होता. पोरीने चोरलं नव्हतं. मग एवढं साधं सांगायला तिच्या जिभेला काय झालं होतं?

४

होलानीला ती देवळाच्या कचेरीत सापडली. टेबलाखाली पाय, पायांवर मांजर, टेबलावर पुठ्ठ्याच्या रंगाचा जाडजूड कॉम्प्युटर. पाठीमागच्या खाचांवर धुळीची लोकर.

"कालोलाइनेबाई, मी देवाची शपथ..."

"देवाला झोपू दे. तू गुरुवारी दोन तास काय केलंस ते सांग."

"शब्द उतरवले."

"किती?"

"एक कडवं." त्याने मांजराच्या कानाशी खेळ केला. "मग डोळा लागला. डुकराचं जेवण झालं होतं हो. उठलो तेव्हा गालावर कळफलकाची अक्षरं उमटली होती."

त्याच्या गालावर आजही दुपारची लाळ वाळलेली होती. कालोलाइनेने तोंड फिरवलं, लोसालिनेला दारातून आत बोलावलं, आणि डिस्क त्या म्हाताऱ्या यंत्राला जोडायला लावली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर एक ओळ उमटली. मुलीने वाचून दाखवली.

"अजून एक दिवस नऊ तास लागतील, म्हणतो."

"काय?" होलानी म्हणाला.

"आणि त्याच्या पोटात एवढं मावणारही नाही, काका."

"तुझ्यासारखाच आहे," कालोलाइने त्याला म्हणाली. "बसून खातो. चल, तू चोर नाहीस. चोराला जागं राहावं लागतं."

कचेरीबाहेर पडून ती धक्क्याच्या दिशेने चालू लागली, कारण विचार करायला तिला पाणी समोर लागायचं. दोन तासवाल्याला एक दिवस नऊ तास हवे होते. अर्ध्या तासवालीला एक तास हवा होता. दोघांनाही वेळ पुरत नव्हता. मग ज्याला पुरतो त्याच्याकडे यंत्र कुठलं असेल? सहा मिनिटांवालं. आणि तसं यंत्र अख्ख्या लोतोफालेत एकच होतं. सोमवारी सगळ्या गावाने वाकून पाहिलेलं.

धक्क्याला पाउलिआसीची होडी बांधलेली होती. मागे नवं कोरं चाळीस घोड्यांचं इंजिन, ताडपत्रीखाली अर्धवट झाकलेलं. ऑकलंडच्या मित्राने पाठवलं, असं तो गावाला सांगत होता. पण गेल्या दोन आठवड्यांत ऑकलंडचा माल घेऊन बोट आलीच नव्हती.

तिच्या तोंडाला शनिवारची चरबी परत आली. पण एका जागी सगळं अडत होतं. पाउलिआसीच्या हातात डिस्क सोमवारच्या आधी एकदाही गेली नव्हती. उशीखालून डिस्क काढायची त्याची छाती नव्हती. आत्याच्या उशीला हात लावला की हात सडतो असं त्याला लहानपणी तिनेच सांगितलं होतं, आणि तो अजूनही तिच्या उशीकडे बघायचं टाळायचा.

मग डिस्क त्याच्यापर्यंत गेली कशी?

५

आठवलं ते परतीच्या वाटेवर, हॉलसमोरच्या फणसाच्या झाडासारख्या त्या मोठ्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली.

त्या शुक्रवारी पहिली घंटा झाली तेव्हा तिने डिस्क मुलीच्या हातात दिली आणि अंघोळीला गेली. दुसऱ्या घंटेला परत आली, तेव्हा लोसालिने हॉलमध्ये नव्हती. या झाडाच्या सावलीच्याही बाहेर, उन्हात उभी होती. कपाळावर घाम. डिस्क आत, एकटी, आणि हॉलचं मागचं दार उघडं. कालोलाइनेने तिला चारचौघींसमोर फाडून खाल्लं होतं. "उशीखाली जपलेली वस्तू उघड्यावर टाकून हवा खातेस?" मुलगी तेव्हाही एक अक्षर बोलली नव्हती.

आता ती झाडाखाली आली तर लोसालिने मागोमाग आली होती, डिस्क छातीशी धरून.

"पोरी, मी तुला नाव विचारणार नाही," कालोलाइने म्हणाली. "नाव विचारलं तर तुला पाप लागेल. मी एवढंच विचारते. शुक्रवारी तू बाहेर उभी होतीस. आत उकडत होतं म्हणून?"

लोसालिनेने डिस्क आणखी घट्ट धरली.

"मला विचारू नका, आत्या."

"हो का नाही, एवढंच."

"आत पंखा होता," लोसालिने म्हणाली. "आत ऊन नव्हतं."

कालोलाइनेला पुढचं ऐकायची गरज उरली नाही. पंख्याखालून उठून मुलगी उन्हात का जाते? आत तिचा भाऊ आला तर. सख्खा असो, चुलत असो, मोठी झालेली बहीण आणि भाऊ एका खोलीत एकटे थांबत नाहीत. भाऊ आला की बहीण निघून जाते, आणि भाऊ निघेपर्यंत बाहेर थांबते. भला भाऊ असेल तर दारातच खाकरतो, आत बहीण दिसली तर आल्या पावली परत फिरतो. आणि बहीण भावाविरुद्ध चारचौघांत कधी तोंड उघडत नाही. जीव गेला तरी नाही.

ते मोजून, हिशेब करून, पाउलिआसी खाकरला नव्हता.

चोऱ्या तिने पाहिल्या होत्या. डुकरं चोरलेली, जाळी चोरलेली, दुसऱ्याची बायको चोरलेली. पण कुणी बहिणीच्या मर्यादेचा असा किल्ली म्हणून उपयोग केलेला तिने पाहिला नव्हता. तिला खरोखर उमळून आलं. झाडाच्या खोडाला हात टेकून ती वाकली, आणि शनिवारी गिळलेलं जणू आत्ता बाहेर पडलं.

"आत्या," मुलगी घाबरली. "पाणी आणू?"

"आण. आणि उद्या तालमीला वेणी नीट घालून ये. मधल्या जागेवर विस्कटलेल्या पोरी मला चालत नाहीत."

६

बुधवारी ती पाउलिआसीच्या घरात न विचारता शिरली. तो नूडल्सच्या वाटीतून सूं सूं करत शेवया ओढत होता. तिने त्याच्या समोरून कॉम्प्युटर उचलला. तो नाही म्हणू शकत नव्हता. आत्याने उचललं की ते आत्याचं.

"आत्या, तो चार्जिंगला..."

"हॉलवर ये. तोंड पूस आधी. रस्सा हनुवटीवर आलाय."

गाव जमलं. बायकांना तिने बाहेर थांबायला सांगितलं, म्हणजे लोसालिनेला भावाची लाज समोर बसून ऐकावी लागू नये. सातेकी त्याच कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड.

तिने तीन कॉम्प्युटर चटईवर ओळीने ठेवले आणि एकेकाला हात लावत सांगितलं. होलानीचा, दोन तास मिळाले, लागतात एक दिवस नऊ तास. होलानीने मान डोलावली, जणू कौतुक झालं. लोसालिनेचा, अर्धा तास मिळाला, लागतो एक तास, आणि निळ्या खाचेत हे. तिने पानात गुंडाळून आणलेलं झुरळ सगळ्यांसमोर उघडलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी नाकाला हात लावले.

"आणि हा तिसरा. याला सहा मिनिटं लागतात. ते मला शिकवायला माझा भाचाच उभा राहिला होता."

"पण आत्या," पाउलिआसीने हात पसरले, "माझ्या हातात डिस्क होतीच कुठे? मला तर एक मिनिटही मिळालं नाही."

"बरोबर. तुला सगळ्यात कमी वेळ मिळाला. म्हणून तुझ्याकडे कुणी पाहिलं नाही." ती त्याच्या समोर बसली. "मला एक सांग. लोसालिनेच्या कॉम्प्युटरला निळी खाच आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनाच असते आजकाल."

"होलानीच्याला नाही."

"नव्या सगळ्यांना असते, असं म्हणतोय मी."

"तू डाव्या अंगाला म्हणालास. तुझ्या स्वतःच्या यंत्राला ती उजव्या अंगाला आहे. अंदाजाने बोलला असतास तर उजवीकडे म्हणाला असतास. तू पाहिली आहेस." तिने आवाज अजिबात चढवला नाही. "तो कॉम्प्युटर तीन आठवडे बायकांच्या घरात आहे, पोरी झोपतात तिथे. मग कुठे पाहिलीस? बहिणी निजतात त्या घरात जातोस का तू? गावाला सांग. मला समजू दे, माझा भाचा काय काय करतो ते."

पुढच्या रांगेतला त्याचा मामा अर्धा उठला. चोराला गाव कधीतरी माफ करतं. बहिणींच्या निजायच्या घरात जाणाऱ्याला त्या बेटावर कुणी भर दिवसाही दारात उभं करत नाही.

पाउलिआसीच्या तोंडातला गोंद थांबला.

"नाही," तो म्हणाला. "नाही, आत्या, तिथे नाही. देवाशपथ, तिथे नाही. हॉलमध्ये पाहिली. शुक्रवारी. ती बाहेर गेली तेव्हा, डिस्क तिच्या काळ्या खाचेत अडकवलेली होती, मला वाटलं ही वेडी आहे, शेजारी निळी असून..."

तो तिथे थांबला. काय बोललो ते त्याला आत्ता ऐकू आलं.

"आणि मग?"

"दहाच मिनिटं होतो मी," तो पुटपुटला. "माताऊतावाल्यांनी इंजिन देतो म्हटलं. आपल्या नाचाचं काय होतं एवढं? वर्षभराने तसंही सगळे इंटरनेटवर टाकतातच."

कोपऱ्यात सातेकी वळला. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड गावाला दिसलं. त्याने मुलाकडे पाहिलं नाही. होलानीकडे पाहून म्हणाला, "तिसरं कडवं मी नव्याने बांधतो. हात बदलतो. लोसालिनेला आत बोलवा, मधल्या जागेवर. आणि मला काहीतरी खायला द्या."

होलानी धावला. कालोलाइने जागची हलली नाही. ती पाउलिआसीकडे बघत होती, ताटात अळी निघाल्यावर माणूस जसा बघतो तशी.

"आत्या, मी इंजिन परत करतो," तो म्हणाला. "चूक झाली. तुम्ही म्हणाल ते करतो. डुकरं आणतो, सगळ्यांसमोर पाया पडतो."

"इंजिन मी घेतलं," ती म्हणाली. "आजच माताऊताच्या धक्क्यावर टाकून येतील पोरं. डुकरं नकोत, तुझ्या हातचं मला गिळणार नाही. आता ऐक. बापाच्या हातातला शेवटचा नाच तू विकलास, ते तुझा बाप तुला माफ करेल, बाप मऊ असतात. पण तुझी बहीण तुला मान द्यायला उन्हात जाऊन उभी राहिली, आणि तू तिच्या पाठीमागे हात मारलास. मग ती तोंड उघडणार नाही हे ठाऊक असून तिलाच चोर ठरवलंस. त्याला माफी माझ्याकडे नाही. मी मरेन तेव्हा भावाची पोरं केस कापतील, फाटक्या चटया कमरेला गुंडाळतील, चुलीच्या धुरात राबतील, आणि तो त्यांचा मान असेल. तुझा मान मी आज काढून घेतला. तू माझ्या चुलीला लाकूड घालायचं नाहीस. आलास तर तुला परक्या पाहुण्यांत बसवतील, चांगल्या चटईवर, ताट वाढून. आणि अख्खं गाव बघेल, की या माणसाचं इथे कुणीच मेलेलं नाही."